घटक-चाचणी, संगणकीय आज्ञावलींची

संगणकाच्या आज्ञावलीतील एखादा लहान, स्वतंत्रपणे काम करू शकणारा भाग बाकीच्या आज्ञावलीपासून वेगळा काढून, त्यास ठराविक आदान देऊन आणि त्याने दिलेले प्रदान आधी ठरविलेल्या उत्तराशी ताडून पाहण्याच्या पद्धतीस घटक-चाचणी म्हणतात. व्यवहारात युनिट टेस्टिंग ही इंग्रजी संज्ञाच अधिक प्रचलित आहे. ही चाचणी आज्ञावली पूर्ण झाल्यावर न लिहिता तिच्या आधी लिहावयाची व मग ती उत्तीर्ण होण्यापुरतीच आज्ञावली लिहावयाची, असा क्रम ज्या पद्धतीत पाळतात तीस चाचणी-प्रेरित विकसन असे म्हणता येईल. ही पद्धत विसाव्या शतकाच्या अखेरीस नवी म्हणून गाजली. तिचे मूळ मात्र संगणकाच्या आरंभकाळाइतके जुने आहे.

पद्धतीचे स्वरूप एका साध्या उदाहरणावरून लक्षात येईल. यवतमाळ जिल्ह्यातील वणी तालुक्यात एका शेतकऱ्याच्या जमिनीचे दोन तुकडे आहेत व जुन्या कागदांत त्यांचे क्षेत्र एकर-गुंठ्यांत नोंदलेले आहे, असे समजू. पहिला तुकडा २ एकर २५ गुंठ्यांचा व दुसरा १ एकर १५ गुंठ्यांचा आहे. एकराचे गुंठे ४०. तेव्हा बेरीज ४ एकर शून्य गुंठे येते, हे तलाठ्यासच काय, शेतकऱ्यासही तोंडी सांगता येते. परंतु ही क्षेत्रे लिहिताना मध्ये टिंब देण्याची रीत आहे. ते टिंब दशांशचिन्ह समजून कोणी आज्ञावली लिहिली, तर संगणक २·२५ आणि १·१५ यांची बेरीज ३·४० अशी देईल. हे उत्तर दशांश एकर म्हणून पुढे गेले, तर त्याचा अर्थ ३ एकर १६ गुंठे असा होतो आणि शेतकऱ्याच्या नावावरील २४ गुंठे जमीन कोणीही न बळकावता नाहीशी होते. आज्ञावलीकाराने १ एकर १० गुंठे व १ एकर ५ गुंठे एवढीच बेरीज करून पाहिली असती, तर उत्तर २·१५ असे बिनचूक आले असते आणि दोष झाकलेलाच राहिला असता. म्हणून घटक-चाचणीत मधल्या सोप्या संख्यांपेक्षा कडेच्या संख्यांस महत्त्व असते : ३९ गुंठ्यांत १ गुंठा मिळविला असता काय होते, क्षेत्र शून्य असता काय होते, ‘२·५’ असे लिहिले असता ते पाच गुंठे की अर्धा एकर. यांतील शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आज्ञावलीकारास ठाऊक असण्याचे कारण नाही. ते त्यास विचारूनच घ्यावे लागते. चाचणी आधी लिहिण्याचा एक मोठा लाभ हाच की, असा प्रश्न आज्ञावली लिहिण्यापूर्वी उपस्थित होतो.

*हातच्याचा दाखला :* आज्ञावलीची तपासणी भाग पाडून करावी, हा विचार ॲलन ट्युरिंग (१९१२–५४) या इंग्रज गणितज्ञाने जून १९४९ मध्ये केंब्रिज येथील परिषदेत वाचलेल्या एका छोट्या निबंधात मांडला. त्याने दिलेला दाखला शाळकरी मुलासही समजेल असा आहे. उभ्या मांडलेल्या मोठ्या बेरजेचे केवळ उत्तर दिले असेल, तर तपासनिसास ती बेरीज आरंभापासून अखेरपर्यंत एका दमात करावी लागते, कारण एका घरातील हातचा पुढच्या घरात जातो. परंतु प्रत्येक घराची बेरीज व हातचे लिहून ठेवले असतील, तर प्रत्येक घर स्वतंत्रपणे, कोणत्याही क्रमाने व निरनिराळ्या माणसांकडूनही तपासता येते. त्याचप्रमाणे आज्ञावलीकाराने आपल्या कामात जागोजागी ठाम विधाने नमूद करावीत. ती एकेक करून पडताळली की संपूर्ण आज्ञावलीची यथार्थता सिद्ध होते, असे त्याचे म्हणणे होते. हा निबंध त्या काळी दुर्लक्षित राहिला व १९८४ मध्ये पुन्हा छापला गेला. दरम्यान रॉबर्ट फ्लॉइड (१९६७) आणि टोनी होअर (१९६९) यांनी त्याच दिशेने गणिती सिद्धतेची पद्धत उभारली होती.

या विचाराची निकड त्याच केंब्रिजमध्ये, एड्सॅक या संगणकावर प्रत्ययास येत होती. मॉरिस विल्क्स याने तेथे एअरीच्या अवकल समीकरणासाठी १२६ ओळींची आज्ञावली लिहिली. तिच्या उपलब्ध असलेल्या एका फितीत पुढे संशोधकांना सुमारे वीस चुका आढळल्या. आपल्या उर्वरित आयुष्याचा मोठा भाग स्वतःच्याच आज्ञावलींतील चुका शोधण्यात जाणार, हे आपणास त्या वर्षी एकाएकी उमगले, असे विल्क्स याने आत्मचरित्रात नमूद केले आहे. एड्सॅकसाठी वरचेवर लागणाऱ्या गणनांच्या उप-आज्ञावली एकदाच तयार करून त्यांचा संग्रह ठेवण्याची प्रथा पडली. तपासलेला भाग पुनःपुन्हा वापरावयाचा, ही घटक-चाचणीची पूर्वअट त्यामुळे सिद्ध झाली.

अमेरिकेत डॅनियल मॅक्रॅकेन याने १९५७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आज्ञावली-लेखनावरील पाठ्यपुस्तकात याहून एक पाऊल पुढे टाकले. हाताने सोडविलेले नमुना-उदाहरण अगोदर तयार असावे आणि ते शक्यतो ज्याचे काम असेल त्या ग्राहकाने तयार करावे, म्हणजे उभयतांमधील गैरसमज वेळीच उघड होतात, असे तो सांगतो. चाचणी-प्रेरित विकसनाचा गाभा येथे जवळजवळ पूर्णपणे आलेला आहे. पुढे अंतराळवीरांस घेऊन जाणाऱ्या मर्क्युरी प्रकल्पातही अर्ध्या दिवसाच्या छोट्या टप्प्यांनी काम चाले आणि प्रत्येक टप्प्याच्या चाचण्या आधी आखल्या जात.

*महाराष्ट्रातील आरंभ :* मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रंगस्वामी नरसिंहन् यांच्या नेतृत्वाखाली बांधलेला टिफ्रॅक हा संगणक १९६० मध्ये कार्यान्वित झाला. त्याच्या स्मृतीत ४० द्विमान अंकांचे २,०४८ शब्द मावत. यंत्राच्या संकेतांतच आज्ञावली लिहावी लागे. त्या पिढीतील सर्वच यंत्रांप्रमाणे येथेही यंत्रकाल दुर्मिळ होता; यंत्रावर जाण्यापूर्वी कागदावर प्रत्येक आज्ञेचा परिणाम मांडून पाहणे हा शिस्तीचा नव्हे तर नाइलाजाचा भाग होता. १९६४ मध्ये त्याच संस्थेत सीडीसी ३६०० हा शक्तिशाली संगणक आला आणि बाहेरील अनेक संस्थांची कामे त्यावर होऊ लागली.

यंत्रे वेगवान व स्वस्त होत गेली तशी आधी उत्तर काढून ठेवण्याची सवय सर्वत्रच मागे पडली. आज्ञावली लिहावी, चालवावी आणि बिघडल्यास पाहावे, असा प्रघात पडला. त्याचे परिणाम इतके गंभीर झाले की, १९६८ मध्ये जर्मनीतील गार्मिश येथे नाटो संघटनेच्या आश्रयाखाली भरलेल्या परिषदेत आज्ञावली-निर्मितीस अभियांत्रिकीची शिस्त लावण्याचा विचार झाला. पुढील वर्षी रोमच्या परिषदेत एत्सखर डाइक्स्ट्रा (१९३०–२००२) या डच शास्त्रज्ञाने चाचणीने दोष आहेत एवढेच दाखविता येते, दोष नाहीत हे कधीही दाखविता येत नाही, हा मुद्दा मांडला. त्याचा प्रतिवाद आजतागायत झालेला नाही.

महाराष्ट्रापुरते पाहता, व्यापारी आज्ञावलींच्या निर्यातीमुळे चाचणीस वेगळे महत्त्व आले. १९६८ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस या संस्थेने १९७४ मध्ये बरोज कंपनीच्या एका संगणक-श्रेणीसाठी कोबोल भाषेत लिहिलेली रुग्णालयीन आज्ञावली दुसऱ्या श्रेणीसाठी रूपांतरित करण्याचे काम केले आणि ते मुंबईतील आयसीएल १९०३ या तिसऱ्याच बनावटीच्या यंत्रावर पार पाडले. आज्ञावली एका ठिकाणी लिहिली जाणार, चालणार दुसऱ्या ठिकाणी, आणि लिहिणारास वापरणाराची भेटही होणार नाही, ही परिस्थिती येथून नित्याची झाली. अशा कामात अपेक्षित उत्तरे लेखी असल्यावाचून चालत नाही. परंतु या काळात चाचणी हे लेखनानंतरचे स्वतंत्र काम मानले गेले आणि बहुधा निराळ्या गटाकडे सोपविले गेले. ग्लेनफर्ड मायर्सचा चाचणीवरील ग्रंथ (१९७९) आणि अमेरिकेतील विद्युत् व इलेक्ट्रॉनिकी अभियंत्यांच्या आय-ट्रिपल-ई या संस्थेने १९८७ मध्ये प्रसिद्ध केलेले घटक-चाचणीचे प्रमाण यांमुळे कार्यपद्धतीस रेखीवपणा आला. क्रम मात्र बदलला नाही.

*पुनरुज्जीवन :* तो बदलण्याचे श्रेय केंट बेक या अमेरिकन आज्ञावलीकाराकडे जाते. त्याने स्मॉलटॉक या भाषेसाठी चाचण्या आपोआप चालविणारी एक लहान चौकट तयार केली व १९९४ मध्ये तिची माहिती प्रसिद्ध केली. १९९७ मध्ये झुरिचहून अटलांटाकडे जाताना विमानातच बेक आणि एरिक गामा यांनी जावा भाषेसाठी तिचा अवतार लिहिला. तोच जेयुनिट होय. त्याच्या धर्तीवर पुढे बहुतेक सर्व भाषांत अशा चौकटी निघाल्या. चाचणी लिहिणे, चालविणे व पुन्हा चालविणे हे काम तासांवरून सेकंदांवर आले. पद्धतीच्या प्रसाराचे खरे कारण तत्त्वज्ञानापेक्षा ही सोय होय, असे म्हणावयास हरकत नाही.

आपण ही कल्पना शोधली नसून पुन्हा शोधली, असे बेक स्वतः सांगतो. लहानपणी पाहिलेल्या एका जुन्या पुस्तकात आदानाची फीत घ्यावी, अपेक्षित प्रदानाची फीत हाताने तयार करावी आणि दोन्ही जुळेपर्यंत आज्ञावली लिहीत जावी, असे सांगितले होते, अशी त्याची आठवण आहे. क्रायस्लर कंपनीच्या वेतनपत्रक-प्रकल्पात १९९६ पासून त्याने ही व इतर तत्त्वे वापरली. तो प्रकल्प २००० मध्ये बंद करण्यात आला, ही गोष्ट पद्धतीचे प्रचारक क्वचितच सांगतात. बेकचे चाचणी-प्रेरित विकसनावरील पुस्तक २००२ मध्ये निघाले. त्यातील चक्र तीन पायऱ्यांचे आहे : प्रथम अनुत्तीर्ण होणारी एक चाचणी लिहिणे, ती उत्तीर्ण होईल अशी कमीत कमी आज्ञावली लिहिणे, आणि चाचण्या उत्तीर्णच ठेवून आज्ञावलीची मांडणी सुधारणे. वरील उदाहरणात ‘३९ गुंठे आणि १ गुंठा मिळून १ एकर’ ही चाचणी आधी लिहून ती अनुत्तीर्ण होते हे डोळ्यांनी पाहावयाचे, मग हातचा धरणारी आज्ञा लिहावयाची. अनुत्तीर्ण होण्याची पायरी निरर्थक वाटते, परंतु कधीच अनुत्तीर्ण न होणारी चाचणी काहीच तपासत नसते, हे तिच्यामुळेच कळते.

*मर्यादा :* भाग बिनचूक असले तरी त्यांची जुळणी बिनचूक असेलच असे नाही. ४ जून १९९६ रोजी एरियान–५ या यूरोपीय अग्निबाणाचा पहिल्याच उड्डाणात सु. ४० सेकंदांत नाश झाला. एरियान–४ वर वर्षानुवर्षे चाललेली दिशादर्शक आज्ञावली त्यात जशीच्या तशी घेतली होती. नव्या अग्निबाणाचा आडवा वेग अधिक असल्याने ६४ द्विमान अंकी संख्या १६ अंकी जागेत मावली नाही. या जागेची कमाल मर्यादा ३२,७६७ आहे. घटक जुन्या परिस्थितीत खरा ठरलेला होता. नव्या उड्डाणमार्गाची संख्या त्यास कोणी देऊन पाहिली नव्हती.

दुसरी मर्यादा चाचणी लिहिणाराच्या माहितीची. वणीचेच नाव घेऊ. गावाच्या नावावरून जिल्हा सांगणाऱ्या आज्ञावलीस वणी म्हणजे यवतमाळ असे शिकविले, तर नासिक जिल्ह्यात दिंडोरी तालुक्यात सप्तशृंगीच्या वाटेवर असलेले वणी तीस चकवील. जिल्ह्यावरून लोकसभा मतदारसंघ ठरविणारी आज्ञावली तर वणीच्या मतदारांस हमखास चुकीचे उत्तर देईल, कारण वणी व आर्णी हे यवतमाळ जिल्ह्यातील विधानसभा मतदारसंघ २००८ च्या पुनर्रचनेनुसार चंद्रपूर लोकसभा मतदारसंघात मोडतात. जुने दस्तऐवज वाचणाऱ्या आज्ञावलीस आणखी एक गोष्ट ठाऊक असावी लागेल : यवतमाळ जिल्हा १९०५ पर्यंत वणी म्हणजेच तत्कालीन इंग्रजी लेखनातील वुन या नावाने ओळखला जाई. पुण्यामुंबईत बसून चाचण्या लिहिणारास हे सुचेलच असे नाही. वणीच्या तहसील कचेरीतील कारकुनास ते विचारावेही लागणार नाही. मॅक्रॅकेनने नमुना-उदाहरण ग्राहकाकडे सोपविले ते याच कारणाने.

महाराष्ट्रात हस्तलिखित सात-बारा उतारे संगणकात उतरविल्यानंतर दोहोंचा मेळ घालण्याचे मोठे काम करावे लागले. त्यासाठी २०१७ मध्ये गावोगावी चावडी-वाचन झाले व खातेदारांकडून चुका दाखवून घेण्यात आल्या. ही घटक-चाचणी नव्हे. ती आधारसामग्रीची, आणि तीही अखेरच्या टप्प्यावरील तपासणी होय. तथापि उत्तर बरोबर आहे की नाही हे ठरविण्याचा अधिकार ज्याची जमीन त्याच्याकडे सोपविण्याची तिची रीत घटक-चाचणीच्या अभ्यासकांनी विचारात घेण्याजोगी आहे.

*परिणामांचा अभ्यास :* मायक्रोसॉफ्ट व आयबीएम या कंपन्यांतील चार गटांच्या २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, चाचणी-प्रेरित विकसनामुळे तत्सम प्रकल्पांच्या तुलनेने दोषांची घनता ४० ते ९० टक्क्यांनी घटली आणि आरंभीचा वेळ १५ ते ३५ टक्क्यांनी वाढला, असे गटप्रमुखांच्या अंदाजासह नमूद झाले. २०१४ मध्ये या पद्धतीच्या अतिरेकावर जाहीर वाद झाला. २०१७ च्या एका प्रयोगात, लाभ चाचणी आधी लिहिण्यामुळे होतो त्यापेक्षा लहान व सारख्या टप्प्यांनी काम केल्यामुळे होतो, असा निष्कर्ष निघाला. तो खरा मानल्यास ट्युरिंगच्या हातच्यांच्या दाखल्यास अधिकच बळकटी येते.

पुण्यात १९८१ मध्ये स्थापन झालेल्या टाटा संशोधन विकास व अभिकल्प केंद्राने या विषयाची दुसरी बाजू हाताळली आहे. मोटारींतील अंतःस्थापित आज्ञावलींसाठी चाचण्यांची आदाने आपोआप शोधून काढणारे ऑटोजेन हे साधन तेथे तयार झाले. आदान यंत्राने शोधले तरी अपेक्षित प्रदान माणसासच पुरवावे लागते, ही अडचण त्यातही राहते. तेथीलच व्हेरिॲब्ज हे साधन चाचणीऐवजी सिद्धतेच्या मार्गाने जाते. आज्ञावली-पडताळणीच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत २०२० मध्ये रीचसेफ्टी या विभागात त्यास पहिला क्रमांक मिळाला.