नाशिकच्या एका घोटाची कुळकथा

गंगापूर धरणाच्या पाण्याकडे तोंड करून बसलेल्या वायनऱ्यांमध्ये शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याच्या गाड्यांची रांग लागते. माणसं आधी टाक्या आणि ओकच्या पिंपांची खोली बघतात, मग लांब टेबलाशी उभी राहतात. समोर पाच-सहा वाइन थोड्या थोड्या ओतल्या जातात. पेला दांडीला धरायचा, हलकेच फिरवायचा, आधी वास घ्यायचा आणि मग घोट तोंडात घोळवायचा, हे एखादी तरुण मुलगी मराठी-हिंदी-इंग्रजीत समजावून सांगते. ही सहल आता इतकी रुळली आहे की ती फार जुनी वाटते. तिचं वय मात्र जेमतेम वीस वर्षांचं आहे. सुला विनयार्ड्सने आपली टेस्टिंग रूम उघडली ती २००५ मध्ये, आणि ती देशातली पहिली असं ही कंपनी सांगते. आज वर्षाला तीन लाखांहून अधिक माणसं तिथे येतात.

या सहलीचं कूळ शोधायला गेलं की दोन धारा लागतात. त्यातली एक पूर्णपणे इथली आहे, आणि तिच्याबद्दल टेस्टिंगच्या टेबलावर कुणी बोलत नाही याचं मला वाईट वाटतं.

ओझरच्या आसपास द्राक्षाची व्यावसायिक लागवड १९२५ च्या सुमाराची मानली जाते. तेव्हाची भोकरी गेली, अनाब-ए-शाही आली आणि मागे पडली. मग थॉम्सन सीडलेसने निफाड, दिंडोरी, पिंपळगाव बसवंतचं अर्थकारणच बदलून टाकलं. या सगळ्या काळात एक गोष्ट कायम राहिली. हंगामात व्यापारी बागेत येतो, मंडपाखालून वाकून फिरतो आणि वेगवेगळ्या ओळींतले मणी तोडून तोंडात टाकतो. साखर किती उतरली, साल कशी आहे, मणी कडक आहे की नरम पडायला लागलाय, हे जिभेवर जोखतो आणि मगच किलोचा दर बोलतो. हल्ली ब्रिक्स, म्हणजे साखरेचं प्रमाण, मोजायला रिफ्रॅक्टोमीटर असतो, तरी मणी चाखल्याशिवाय सौदा पुढे सरकत नाही. शेतकरी त्या वेळी व्यापाऱ्याच्या चेहऱ्याकडे बघत असतो. वर्षभराची औषधं, मजुरी, अवकाळीची धास्ती हे सगळं त्या एका मण्यावर ठरणार असतं. चव घेऊन किंमत ठरवण्याची ही रीत नाशिकला वाइन येण्याच्या कितीतरी आधीपासून आहे.

दुसरी धारा परदेशातून आली, आणि तिच्या उगमाशी न खपलेला माल आहे. जर्मनीत १९३५ मध्ये पॅलाटिनेट भागात गावोगावच्या द्राक्षमळ्यांना जोडणारा ‘वाइन रस्ता’ जाहीर झाला. तळघरांत वाइन साचली होती, गिऱ्हाईक नव्हतं, म्हणून गिऱ्हाइकालाच गावात बोलवायचं ठरलं. फ्रान्सच्या अल्सास प्रांताने १९५३ मध्ये आपला रस्ता आखला. दक्षिण आफ्रिकेत स्टेलनबॉशचा मार्ग १९७१ मध्ये सुरू झाला. कॅलिफोर्नियाच्या नापा खोऱ्यात रॉबर्ट माँडावी यांनी १९६६ मध्ये वायनरी उभारली, ती पाहुण्यांना फिरवायचं, शिकवायचं आणि चाखवायचं हे मनात धरूनच.

राजीव सामंत याच कॅलिफोर्नियात होते. स्टॅनफर्डमध्ये शिकून त्यांनी ओरॅकल कंपनीत नोकरी केली आणि नव्वदीच्या दशकाच्या सुरुवातीला ते नाशिकजवळच्या घरच्या वीसेक एकर जमिनीवर परतले. आधी आंबा, गुलाब, खाण्याची द्राक्षं असे प्रयोग झाले. मग सोनोमाचे वाइनतज्ज्ञ केरी डॅम्स्की यांच्या मदतीने शेनिन ब्लां आणि सोव्हिन्यों ब्लां या जातींची लागवड झाली. पहिल्या बाटल्या २००० मध्ये बाजारात आल्या. ‘सुला’ हे नाव आईच्या ‘सुलभा’ या नावावरून घेतलेलं.

महाराष्ट्राला वाइन तोवर अगदीच अनोळखी नव्हती. नारायणगावला शाम चौगुले यांनी १९८० च्या दशकात फ्रेंच तंत्रज्ञांच्या साहाय्याने फेसाळ वाइन बनवली होती. तिची भिस्त निर्यातीवर आणि मोठ्या हॉटेलांवर होती. नाशिकपुढचा प्रश्न वेगळा होता. मद्याची उघड जाहिरात करता येत नाही. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याखाली पिणाऱ्यालाही परवाना लागतो. सामान्य मराठी घरात वाइन म्हणजे देशी, व्हिस्की यांच्याच ओळीतली एक बाटली, आणि तीही आंबट लागणारी. अशा ठिकाणी वाइन कशी विकणार? माणसाला मळ्यात आणून घोट हातात देणं एवढाच मार्ग उरत होता. म्हणून मी टेस्टिंग रूमला करमणुकीची जागा म्हणत नाही. जाहिरात, शाळा आणि दुकान ही तिन्ही कामं तिने एकदम उचलली.

ऋतूनेही साथ दिली. युरोपात वेल हिवाळ्यात झोपतो आणि द्राक्षं शरदात, सप्टेंबर-ऑक्टोबरात काढतात. आपल्याकडे वेल आपणहून झोपत नाही, त्याला कात्रीने वळण लावावं लागतं. एप्रिलमध्ये खरड छाटणी होते, तिच्यातून पुढच्या पिकाची काडी तयार होते. सप्टेंबर-ऑक्टोबरात गोडी छाटणी होते आणि तिच्यानंतर घड सुटतात. वाइनच्या द्राक्षांची काढणी त्यामुळे साधारण जानेवारी ते मार्चमध्ये येते, म्हणजे नाशिकची हवा सर्वांत सुखाची असते तेव्हा. पाहुणे आणि पीक एकाच वेळी हजर होतात. २००८ पासून सुलाच्या ‘सुलाफेस्ट’ या महोत्सवातल्या गाण्यांना आणि द्राक्षं तुडवण्याच्या खेळाला जी गर्दी झाली, तिच्यामागे ही गोडी छाटणीच आहे.

वाइनचं द्राक्ष पिकवणं मात्र नाशिकच्या शेतकऱ्याला सोपं गेलं नाही. मणी मोठा करण्यात ज्याची हयात गेली, त्याने लहान, जाड सालीचा, बियांचा मणी मुद्दाम पिकवायचा, आणि वर एकरी उत्पादनही कमी ठेवायचं! राज्य सरकारने २००१ मध्ये द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचं धोरण आणलं. वायनरीचा परवाना सुकर झाला, उत्पादन शुल्कात सवलत मिळाली, विंचूरला गोदावरी वाइन पार्क उभं राहिलं. करारशेती वाढली, वायनऱ्या भराभर निघाल्या. मग २००८ च्या अखेरीला मंदी आणि मुंबईवरचा हल्ला एकापाठोपाठ आले. हॉटेलं रिकामी पडली, टाक्या भरलेल्या राहिल्या, काही वायनऱ्या बंद पडल्या. कर्जाखाली दबलेली चौगुले यांची नारायणगावची कंपनीही त्यातून सावरली नाही. अनेक शेतकऱ्यांनी वाइनचे वेल उपटले आणि पुन्हा खाण्याच्या द्राक्षाकडे वळले. ज्यांना त्या काळात टिकाव धरता आला, त्यांच्या मदतीला त्यांच्या दारात येणारा पाहुणा होता असं मला वाटतं. तो रोख पैसे देत होता, मधे वितरक नव्हता, आणि चाखलेली बाटली तो घरी घेऊन जात होता. सुलाने २०१० मध्ये मळ्यातच मुक्कामाचं ‘बियाँड’ हे हॉटेल सुरू केलं. शेजारच्या यॉर्क, सोमा, इगतपुरीकडच्या व्हॅलोने अशा वायनऱ्यांनीही टेस्टिंगची टेबलं मांडली. जर्मनीतल्या १९३५ ची गोष्ट इथे जवळजवळ तशीच घडली.

आता थोडं लांब, आर्मेनियाकडे जाऊ या, कारण चाखण्याच्या सहलीचं एक वेगळं रूप तिथे दिसतं. त्या देशातल्या अरेनी गावाजवळच्या गुहेत सुमारे ६१०० वर्षांपूर्वीची वायनरी सापडली. द्राक्षं तुडवायचा उथळ हौद, आंबवायचे मातीचे रांजण, बिया आणि सालींचे अवशेष, सगळं एका जागी. एवढा वारसा असूनही सोव्हिएत काळात आर्मेनियाच्या वाट्याला मुख्यतः ब्रँडी आली आणि वाइनचं काम शेजारच्या जॉर्जियाकडे गेलं. अरेनीचे गावकरी घरची वाइन कोलाच्या प्लास्टिकच्या बाटल्यांत भरून रस्त्याकडेला विकत राहिले. जवळच्या इराणातले ट्रकचालक ती तशीच लपवून नेत. अरेनीचा वाइन महोत्सव सुरू झाला तो २००९ मध्ये. म्हणजे सहा हजार वर्षांच्या वाइनच्या देशातला हा महोत्सव आपल्या नाशिकच्या टेस्टिंग रूमपेक्षा चार वर्षांनी लहान आहे.

फरक पडतो तो टेबलावर. आर्मेनियातल्या अशा सहलीत पेल्याबरोबर तोनीर नावाच्या जमिनीत पुरलेल्या मातीच्या भट्टीतून लवाश निघतो. लवाश म्हणजे भट्टीच्या आतल्या भिंतीवर थापून भाजलेली पातळ पोळी, आणि युनेस्कोने २०१४ मध्ये तिची परंपरा आपल्या यादीत घेतली. सोबत चीज, हिरवा पाला, द्राक्षाच्या पानात गुंडाळलेला डोल्मा, आणि खोरोवात्स, म्हणजे निखाऱ्यांवर भाजलेलं मांस. पाहुणा घोट घेतो तेव्हा त्या गावचं स्वयंपाकघरही चाखतो. लवाश कसा लाटायचा हे दाखवणारी आजी या सहलीत वाइनवाल्याइतकीच महत्त्वाची असते.

नाशिकने पेला शिकवला आणि ताट विसरलं. सुलाच्या आवारात आरंभीच्या काळात जे रेस्टॉरंट गाजलं ते इटालियन होतं. पास्ता आणि पिझ्झा वाइनला साजतात हे खरं, आणि सुरुवातीला वाइन परकी होती म्हणून जेवणही परकं निवडलं गेलं हेही समजतं. पण वीस वर्षांनी हा संकोच कशासाठी? इगतपुरी-त्र्यंबकच्या पट्ट्यात नागलीची भाकरी आहे, जिल्ह्याच्या उत्तरेला काळ्या मसाल्याचं मटण आहे, येवल्याकडे खापरावरचे मांडे आहेत. शिवाय मिसळ आहे, जिच्यासाठी माणसं मळ्यामळ्यांतून रांगा लावतात.

मिसळीबरोबर वाइन, असं म्हटलं की लोक हसतात. त्यामागचं शास्त्र मात्र साधं आहे. लाल वाइनमधलं टॅनिन तिखटाशी भांडतं, तोंड कोरडं पडतं आणि तर्री अधिकच जाळते. जास्त अल्कोहोलनेही तिखटाचा दाह वाढतो. याउलट किंचित गोडवा राखलेली, आंबटपणा शाबूत असलेली थंड वाइन तिखट शमवते, आणि लिंबू पिळलेल्या रश्श्याच्या आंबटपणापुढे फिकी पडत नाही. हे सगळे गुण शेनिन ब्लांमध्ये आहेत आणि शेनिन नाशिकच्या जमिनीत उत्तम येते. मांड्यातल्या पुरणाला उशिरा काढलेल्या शेनिनची गोड वाइन चालेल. काळ्या मसाल्याच्या मटणाला शिराझ घ्यावी, तिच्या मिरीसारख्या चवीमुळे ती त्या वाटणात मिसळून जाते, फक्त तिखट हात राखून घातलेलं हवं. नागलीची भाकरी आणि ठेचा मागवणाऱ्याने मात्र पुन्हा शेनिनकडेच यावं. असं ताट मांडायचं तर वायनरीच्या स्वयंपाकघरात नाशिक जिल्ह्यातली एखादी मावशी हवी, आणि मेनूकार्डावर तिच्या पदार्थांना वाइनच्या नावांइतक्याच मोठ्या अक्षरांत जागा हवी.