घरातील वीजजोडणीची नियमित तपासणी : छाणीच्या निमित्ताने

बडोदे शहराच्या उत्तरेस, अहमदाबादकडे जाणाऱ्या रस्त्यावर छाणी वसलेले आहे. एकेकाळी स्वतंत्र असलेले हे गाव आता महानगरपालिकेच्या हद्दीत आले आहे. जैन मंदिरांमुळे त्याची ओळख जुनी आहे आणि १९६२ साली स्थापन झालेल्या गुजरात स्टेट फर्टिलायझर्स कंपनीची फर्टिलायझरनगर ही वसाहत त्याच्या शेजारी आहे. गावठाणातील जुनी घरे आणि त्यांच्याभोवती उभ्या राहिलेल्या नव्या सोसायट्या अशी दोन्ही प्रकारची वस्ती येथे एकमेकींना लागून आहे. जुन्या घरात वायरिंग जुने व विजेचा वापर नवा असतो. नव्या घरात वायरिंग नवे असले तरी ते कधी कोणी तपासलेले नसते. घरगुती वीजसुरक्षेचे हे दोन्ही प्रश्न गोव्यातील गावांत आणि शहरांतही तसेच आहेत, म्हणून छाणीच्या निमित्ताने त्यांचा विचार करणे उपयुक्त ठरेल.

बडोद्याचा विजेशी संबंध जुना आणि जवळचा आहे. महाराज सयाजीराव गायकवाड (तिसरे) यांनी १८९० साली कलाभवन ही तंत्रशिक्षण संस्था येथे सुरू केली. गुजरात विद्युत मंडळाचे मुख्यालय याच शहरात होते आणि त्या मंडळाच्या विभाजनातून निर्माण झालेल्या मध्य गुजरात वीज कंपनीचा कारभारही येथूनच चालतो. तारा, ट्रान्सफॉर्मर व विजेची उपकरणे यांच्या चाचण्या घेणारी ‘एर्डा’ ही संशोधन संस्था १९७४ पासून बडोद्यात कार्यरत आहे. कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या मालाची अशा प्रयोगशाळांत कसून परीक्षा होते. मात्र उत्तीर्ण झालेली तार एकदा घराच्या भिंतीत गेली, की पुढील वीस-तीस वर्षे तिच्याकडे बहुधा कोणी पाहत नाही. नियमित तपासणीची गरज नेमकी येथे उत्पन्न होते.

मीटरच्या पुढची जबाबदारी

वीजपुरवठा करणाऱ्या कंपनीची वा खात्याची जबाबदारी सामान्यतः मीटरपर्यंत असते. मीटरच्या पुढील मेन स्विच, तारा, स्विचबोर्ड, प्लग आणि उपकरणे ही ग्राहकाची मालमत्ता व ग्राहकाचीच जबाबदारी होय. ही सीमारेषा पुष्कळांच्या ध्यानात नसते. खांबावरची तार तुटली तर तक्रार नोंदवली जाते. स्वयंपाकघरातील प्लगाला जळकट वास येऊ लागला तर ‘पाहू पुढे’ म्हणून दिवस ढकलले जातात.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२१ साली देशात विजेच्या धक्क्याने बारा हजारांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. यांत शेतातील, रस्त्यावरील व कारखान्यांतील अपघात आहेत, तसेच घरातलेही आहेत. शॉर्ट सर्किटमुळे लागणाऱ्या आगींचे बळी या संख्येबाहेरचे. ९ जानेवारी २०२१ रोजी भंडारा येथील जिल्हा रुग्णालयाच्या नवजात बालकांच्या कक्षात लागलेल्या आगीत दहा बालकांचा मृत्यू झाला. त्यानंतर महाराष्ट्रातील रुग्णालयांच्या अग्निसुरक्षा व वीजसुरक्षा तपासणीचे आदेश निघाले. घराला असा आदेश कोणी देत नाही. तो घरमालकाने स्वतःच स्वतःला द्यावा लागतो.

वायरिंग निकामी कसे होते

वायरिंग एका दिवसात बिघडत नाही. तांब्याच्या तारेवरील पीव्हीसीचे आवरण साधारण ७० अंश सेल्सिअसपर्यंतच्या तापमानासाठी बनवलेले असते. तारेतून तिच्या क्षमतेहून अधिक प्रवाह वारंवार जाऊ लागला, की आवरण कडक होते, तडकते व शेवटी गळून पडते. उंदीर आणि खारी ते कुरतडतात. भिंतीत मुरणारे पाणी पाइपात उतरते.

चाळीस वर्षांपूर्वीच्या घरात दिवे, दोन-तीन पंखे, एक रेडिओ वा दूरदर्शन संच एवढाच भार असे. एक पंखा सुमारे ७५ वॅट वीज घेतो. आज त्याच घरात दीड टनाचे वातानुकूलन यंत्र चालू झाले, की त्याला सात-आठ अँपिअर प्रवाह लागतो. दोन किलोवॅटच्या गीझरला जवळपास नऊ अँपिअर लागतात. दिव्यांसाठी १.५ चौरस मिलिमीटर, १६ अँपिअरच्या प्लगासाठी २.५ आणि वातानुकूलन यंत्रासाठी वा गीझरसाठी ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची तार वापरण्याची रीत आहे. दिव्याच्या तारेवर गीझर चालवणे म्हणजे भिंतीच्या आत शेगडी पेटवण्यासारखे आहे.

सैल जोडणीचा धोका याहूनही फसवा असतो. समजा, एखाद्या प्लगातील स्क्रू ढिला झाल्यामुळे तेथे एक ओहम अवरोध निर्माण झाला. दहा अँपिअर प्रवाह गेला तर त्या एका बिंदूपाशी शंभर वॅट उष्णता तयार होते. पूर्वीचा शंभर वॅटचा बल्ब बंद स्विचबोर्डात तासन्‌तास पेटत ठेवावा, तसा हा प्रकार. उपकरण चालूच राहते, फ्यूज जात नाही, एमसीबी पडत नाही. दिल्लीतील उपहार चित्रपटगृहात १३ जून १९९७ रोजी लागलेल्या आगीत ५९ जण दगावले. त्या आगीचे मूळ ट्रान्सफॉर्मरवर त्याच सकाळी नीट न बसवलेल्या केबलच्या जोडणीत असल्याचे पुढे न्यायालयात निष्पन्न झाले. तेथील यंत्रणा मोठी होती, पण सैल जोडणी तापण्याचे तत्त्व घरातील प्लगालाही तेच लागू होते.

एमसीबी आणि आरसीसीबी यांतील फरक

‘आमच्याकडे एमसीबी आहे, म्हणजे घर सुरक्षित आहे’ असा समज सर्वत्र आढळतो. एमसीबी तारेला वाचवतो, माणसाला नव्हे. घरातील वीज २३० व्होल्टची असते. ओल्या हातांनी स्पर्श झाल्यास शरीराचा अवरोध हजार ओहमच्या आसपास येऊ शकतो. अशा वेळी शरीरातून सुमारे २३० मिलिअँपिअर, म्हणजे पाव अँपिअरहूनही कमी प्रवाह वाहतो. १६ अँपिअरच्या एमसीबीला त्याची जाणीवही होत नाही. मात्र दहा-पंधरा मिलिअँपिअर प्रवाहानेच हाताचे स्नायू आखडून पकड सुटेनाशी होते आणि त्याच्या काही पट प्रवाह थोडा वेळ छातीतून गेला तरी हृदयाची लय बिघडून मृत्यू ओढवू शकतो.

हे टाळण्यासाठी आरसीसीबी असतो. जुने वायरमन त्याला ईएलसीबी म्हणतात. फेजमधून गेलेला प्रवाह न्यूट्रलमधून परत आला की नाही, याची तो सतत तुलना करतो. घरगुती जोडणीसाठी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी वापरावा. तेवढी गळती होताच तो सेकंदाच्या अंशात वीज तोडतो. त्यावर ‘टी’ अक्षराचे चाचणीचे बटण असते. ते दाबताच वीज गेली पाहिजे. न गेल्यास आरसीसीबी निरुपयोगी झाला असे समजावे. एक मर्यादाही लक्षात ठेवावी : फेज आणि न्यूट्रल या दोन्ही तारांना माणसाने एकाच वेळी स्पर्श केला आणि जमिनीकडे गळती झाली नाही, तर आरसीसीबीला ते ओळखता येत नाही.

अर्थिंगची परीक्षा

गीझर, फ्रिज वा धुलाई यंत्राच्या धातूच्या अंगाला आतून फेजचा स्पर्श झाला, तर वीज अर्थिंगच्या तारेतून जमिनीत जावी, अशी रचना असते. अर्थिंगच्या संपूर्ण वाटेचा अवरोध पाच ओहम असेल, तर सुमारे ४६ अँपिअर प्रवाह वाहतो आणि १६ अँपिअरचा एमसीबी काही सेकंदांत पडतो. हाच अवरोध पन्नास ओहम झाला, तर प्रवाह अवघा ४.६ अँपिअर राहतो. एमसीबी पडत नाही आणि यंत्राचे अंग जिवंत राहते. स्पर्श करणाऱ्याला बाहेरून काहीच दिसत नाही. अर्थिंग ‘आहे’ एवढ्यावर समाधान मानता येत नाही. ते किती चांगले आहे हे मोजावेच लागते.

उन्हाळ्यात माती सुकली की तिचा अवरोध वाढतो, जोडणीचा नट गंजला की वाढतो. गोव्यातील जांभ्या व खडकाळ जमिनीत मुळातच चांगले अर्थिंग मिळणे कठीण असते. त्यातच समुद्राकाठच्या खाऱ्या हवेने धातूच्या जोडण्या लवकर गंजतात. छाणीतील घरापेक्षा गोव्यातील घराने या बाबतीत अधिक सावध राहावे, हे उघड आहे.

तपासणीत काय पाहावे

तपासणी म्हणजे टेस्टर लावून दिवा पेटला की काम संपले, असे नव्हे. परवानाधारक वायरमन वा वीज ठेकेदार यांच्याकडून पुढील गोष्टी करून घ्याव्यात.

१. प्रत्यक्ष पाहणी : काळवंडलेले प्लग, उघड्या तारा, टेप गुंडाळलेले सांधे, चिनीमातीच्या फ्यूजमध्ये घातलेली जाड तार, एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर लटकलेली अनेक उपकरणे.

२. आवरणाची चाचणी : मेन स्विच बंद करून, उपकरणे काढून मेगरने ५०० व्होल्ट दाब एक मिनिट द्यावा. तारा व जमीन यांच्यामधील अवरोध किमान एक मेगओहम असावा, असा नियमांतील निकष आहे.

३. अर्थिंगचे मापन : प्रत्येक तीन पिनी प्लगापर्यंत अर्थिंग पोहोचले आहे की नाही आणि त्याचा अवरोध किती, हे पाहावे.

४. आरसीसीबीची चाचणी : केवळ बटणाने नव्हे, तर उपकरणाने, तो किती मिलिअँपिअरला व किती वेळात पडतो ते मोजावे.

५. फेज-न्यूट्रलची अदलाबदल : स्विच फेजच्या तारेवरच असावा. तो न्यूट्रलवर असल्यास दिवा विझतो, पण होल्डरमध्ये वीज कायम राहते.

६. स्क्रू आवळणे : मेन स्विचपासून प्लगापर्यंतच्या सर्व जोडण्या, विशेषतः न्यूट्रलची. तीन फेजच्या जोडणीत न्यूट्रल सुटल्यास काही उपकरणांना २३० ऐवजी चारशे व्होल्टपर्यंत दाब मिळून ती जळतात.

सर्व आकडे कागदावर लिहून घ्यावेत. पुढील तपासणीत त्यांच्याशी तुलना करता आली, तरच घसरण ध्यानात येते.

केव्हा करावी

आरसीसीबीचे बटण महिन्यातून एकदा घरातल्यांनीच दाबावे. डोळ्यांनी होणारी पाहणी दरवर्षी पावसाळ्यापूर्वी करावी. मापनासह संपूर्ण तपासणी पाच वर्षांतून एकदा आणि जुन्या घरात त्याहून लवकर करून घ्यावी. केंद्रीय वीज प्राधिकरणाच्या सुरक्षाविषयक विनियमांतही ठरावीक तपासण्यांमधील अंतर पाच वर्षांहून अधिक नसावे, असे तत्त्व आहे. १९५६ च्या भारतीय वीज नियमांतही हीच मुदत होती. प्रत्यक्षात निरीक्षकाची नजर मोठ्या जोडण्यांवर असते. घरगुती जोडणीचा भार मालकाच्या जाणिवेवर राहतो. जपानमध्ये घरगुती वीजजोडण्यांची पाहणी सामान्यतः चार वर्षांतून एकदा होते. इंग्लंडमध्ये २०२० च्या नियमांनुसार भाड्याने दिलेल्या घराच्या वायरिंगची निदान पाच वर्षांतून एकदा तपासणी करून अहवाल भाडेकरूस देणे घरमालकावर बंधनकारक आहे.

काही प्रसंगी मुदतीची वाट पाहू नये : जुने घर विकत घेताना, वातानुकूलन यंत्र किंवा विजेच्या गाडीचा चार्जर बसवताना, छतावर सौर संच लावताना आणि घरात पाणी शिरल्यानंतर. ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस विश्वामित्रीच्या पुराने बडोद्याच्या मोठ्या भागात पाणी शिरले, तेव्हा हा शेवटचा प्रसंग असंख्य कुटुंबांवर एकदम आला. पाणी ओसरले म्हणून मेन स्विच चालू करणे घातक ठरते. बुडालेले प्लग, स्विच, एमसीबी व आरसीसीबी बदलावेत, पाइपातील पाणी काढून तारा सुकू द्याव्यात आणि मेगरची चाचणी उत्तीर्ण झाल्यावरच वीज सुरू करावी. ओल्या जमिनीवर उभे राहून मेन स्विचला हात लावू नये.

खर्च आणि सवय

अशी तपासणी वायरमनच्या काही तासांच्या कामाची असते. आरसीसीबी नव्याने बसवावा लागला, तरी तो एका मध्यम किमतीच्या भ्रमणध्वनीपेक्षा स्वस्त पडतो. अडचण पैशांची कमी आणि सवयीची अधिक आहे. दुचाकीची सर्व्हिसिंग आपण दिवस मोजून करतो. जिच्यामुळे घर चालते ती वायरिंग मात्र बंद पडेपर्यंत विसरलेली असते.

गोव्यात कित्येक घरे वर्षातील बरेच महिने बंद असतात आणि चतुर्थीला एकदम उघडली जातात. दमट भिंती, महिनोन्‌महिने न वापरलेले प्लग आणि त्यांवर माटोळीभोवतीच्या दिव्यांच्या माळांचा नवा भार, असा तिहेरी योग तेव्हा जुळून येतो. गावी पोहोचण्याच्या आठवडाभर आधी वायरमनला बोलावून जोडण्या, अर्थिंग आणि आरसीसीबी पाहून घेतला, तर सण निर्धास्तपणे साजरा करता येईल. ज्यांच्या घरी आरसीसीबी आहे, त्यांनी आजच त्याचे बटण दाबून पाहावे. वीज गेली, तर तो आपले काम करीत आहे. न गेल्यास उद्याच वायरमनला बोलवावे.