घरी किती माणसं?

दामाजीपंतांची गोष्ट आमच्या मंगळवेढ्याकडं घरोघरी सांगतात. पंत बेदरच्या बादशहाचे अंमलदार. दुष्काळात त्यांनी सरकारी कोठारं रयतेला खुली केली, आणि त्या धान्याचे पैसे भरायला खुद्द विठोबा विठू महार होऊन बेदरला गेला. ऐकणाऱ्यांना ओढ असते ती या शेवटाची. माझी आजी मात्र सुरुवातीलाच रेंगाळायची.

पंढरपूरचा एक ब्राह्मण पंतांच्या दारी आला. पान वाढलं, तो बसला आणि जेवता जेवता त्याच्या डोळ्यांतून पाणी गळायला लागलं. काय झालं म्हणून पंतांनी विचारलं, तर म्हणाला, घरी बायकापोरं उपाशी आहेत, घास उतरत नाही. पंतांनी त्याच्या घरी धान्य धाडलं. ते भुकेल्यांनी लुटलं, आणि मग कोठारांची दारं उघडली. "कोठार किल्लीनं न्हाई उघाडलं लेकरा," आजी म्हणायची, "त्या टिपानं उघाडलं."

ते टीप तिच्या ओळखीचं होतं. १९७२ च्या दुष्काळात ती खडी फोडायला जायची. ज्वारीचं कोठार म्हणवणाऱ्या आमच्या भागात त्या साली कणसं भरलीच नाहीत. पेवं रिकामी झाली. रेशनला अमेरिकेतून आलेला तांबडा मिलो मिळे; त्याची भाकरी थापताना चिरा पडत, आणि चव तर नव्हतीच. १९७३ च्या मे महिन्यात राज्यभरात जवळपास पन्नास लाख माणसं दुष्काळी कामांवर होती. पाझर तलाव, नालाबंडिंग, रस्ते. त्यातलीच एक आजी. कामावर सुकडी वाटत, गोडसर, पिठासारखी. आजी ओंजळ पुढं करायची, चिमूटभर जिभेवर ठेवायची आणि उरलेली पदराच्या टोकाला बांधायची. संध्याकाळी ती गाठ सोडताना माझे वडील आणि आत्या तिच्या गुडघ्याला चिकटून बसत. वडील सांगायचे, सुकडीला पदराचा, घामाचा आणि खडीच्या धुळीचा वास यायचा, आणि आम्ही बोटं चाटायचो.

रोजगार हमीचा विचार वि. स. पागे यांनी या दुष्काळाच्या आधीच मांडला होता. त्या दुष्काळात योजना उभी राहिली, पुढं १९७७ ला विधिमंडळानं कायदा केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. हाताला काम मागणं हा हक्क झाला. आजीला कायद्याचं नाव माहीत नव्हतं. "काम मागाय गेलं की मान खाली घालावी लागत न्हाई," एवढं तिला कळत होतं, आणि तेच त्या कायद्याचं सार आहे.

२०२० च्या टाळेबंदीत पुण्यात मी कामाला होतो तो छापखाना बंद पडला. दोन महिने पगार नाही. एका दुपारी मी सरकारच्या शिवभोजन थाळीच्या रांगेत उभा राहिलो. जानेवारीत दहा रुपयांना सुरू झालेली थाळी तेव्हा पाच रुपयांवर आणली होती. दोन पोळ्या, भाजी, वरण, भात. ओळखीचं कुणी दिसेल म्हणून मास्क डोळ्यांपर्यंत ओढला होता. मुठीतलं पाचाचं नाणं घामानं ओलं झालं होतं. ते मी टेबलावर ठेवलं, तेव्हा मान जराशी वर आली. आजीचं बोलणं मला त्या नाण्यापाशी कळलं.

बसून जेवायची सोय बंद होती, पुडकं बांधून मिळायचं. मला बरंच वाटलं. तिथं बसून मला घास उतरला नसता. घरी आई सकाळपासून नुसत्या चहावर होती.

पुडकं बांधणाऱ्या बाईंनी माझ्याकडं न बघताच विचारलं, "घरी किती माणसं?"

"आई आहे."

त्यांनी दुसरं पुडकं पुढं सरकवलं. मी खिसा चाचपायला लागलो. "राहू द्या," त्या म्हणाल्या आणि मागच्या माणसाकडं वळल्या.

पंढरपूरच्या त्या ब्राह्मणाचं पान मला तेव्हा स्पष्ट दिसलं. पंतांनीही आधी त्याच्या घरीच धान्य धाडलं होतं.