न्यूपोर्टची बखर

बखर आणि अस्सल कागद यांतील भेद आपल्या इतिहाससंशोधकांनी आपणांस फार पूर्वी शिकविला. बखरकार घडलेलीच हकीकत सांगतो. परंतु ती धन्यास शोभेल अशी सांगतो. ध्वनिमुद्रिकेविषयी मात्र आपली समजूत अशी की, यंत्र खोटे बोलत नाही. ही समजूत कितपत टिकते हे पाहावयाचे असेल, तर अमेरिकेतील जॅझ संगीताच्या इतिहासात 'एलिंग्टन ॲट न्यूपोर्ट' या ध्वनिमुद्रिकेइतके बोलके उदाहरण क्वचितच सापडेल.

दुसऱ्या महायुद्धानंतर मोठे वाद्यवृंद पोसणे कठीण झाले होते. काउंट बेसीसारख्या नामवंतासही १९५० च्या सुमारास आपला वृंद मोडून काही काळ लहान संचावर भागवावे लागले. ड्यूक एलिंग्टनने आपला वृंद टिकविला खरा, पण त्याचाही पडता काळ आला होता. अशा स्थितीत ७ जुलै १९५६ रोजी, ऱ्होड आयलंडमधील न्यूपोर्टच्या महोत्सवात, रात्री बऱ्याच उशिरा त्याचे मुख्य वादन सुरू झाले. एलिंग्टन व बिली स्ट्रेहॉर्न यांनी महोत्सवाकरिता रचलेली नवी मालिका आधी झाली. पुढे एलिंग्टनने १९३७ सालची 'डिमिन्युएंडो अँड क्रेसेंडो इन ब्लू' ही जुनी जोडरचना काढली. तिच्या दोन भागांमधील जागा पॉल गोन्साल्विसने टेनर सॅक्सोफोनवर भरावयाची होती. ब्लूजचे एक आवर्तन बारा विभागांचे, व प्रत्येक विभाग चार मात्रांचा; अशी २७ आवर्तने त्याने अखंड वाजविली. श्रोते उठून नाचू लागले. त्याच ऑगस्टमध्ये 'टाइम' साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर एलिंग्टनचे चित्र झळकले.

आता ध्वनिमुद्रिकेकडे वळू. नव्या मालिकेची तालीम अपुरी झाली होती व एलिंग्टनचे समाधान झाले नव्हते. म्हणून दोनच दिवसांनी कोलंबिया कंपनीच्या न्यूयॉर्क येथील ध्वनिगृहात तिचा पुष्कळसा भाग पुन्हा वाजविण्यात आला व त्यास टाळ्यांची जोड देण्यात आली. उलट गोन्साल्विस हा कोलंबियाच्या ध्वनिग्राहकासमोर न वाजविता 'व्हॉइस ऑफ अमेरिका'च्या ध्वनिग्राहकासमोर वाजवीत राहिल्याने, त्या रात्रीचा कळस मुद्रिकेवर दुरून आल्यासारखा अंधुक उमटला. चाळीस वर्षे रसिकांनी हे सारेच त्या रात्रीचे म्हणून ऐकले. १९९६ मध्ये 'व्हॉइस ऑफ अमेरिका'ची फीत काँग्रेसच्या ग्रंथालयात सापडली आणि १९९९ मध्ये दोन्ही फिती जुळवून संपूर्ण मैफल प्रसिद्ध झाली.

मग जुनी मुद्रिका त्याज्य ठरवावी काय? आपली नवी रचना मनासारखी ऐकली जावी, ही रचनाकाराची इच्छा दोषास्पद नव्हे. दोष आहे तो ध्वनिगृहातील वादनास टाळ्या जोडून त्यास मैफलीचे रूप देण्यात. तथापि एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. मालिका कागदावर लिहिलेली होती, म्हणून ती पुन्हा वाजविता आली. ती २७ आवर्तने कोणी लिहिलेली नव्हती. ती अंधुक होती तशीच ठेवणे भाग पडले. बखर वाचताना जेथे भाषा सफाईदार लागते तेथे आपण सावध होतो, आणि जेथे ती अडखळते तेथे कान टवकारतो. मुद्रिका ऐकतानाही हीच शिस्त पाळावी. एलिंग्टनला काय ऐकवावयाचे होते, हे १९५६ ची मुद्रिका सांगते. न्यूपोर्ट येथे काय ऐकू आले, हे १९९९ ची सांगते. इतिहासास दोन्ही हव्यात. मात्र कोणती कशाची साक्ष देते, हे विसरता कामा नये.