साथरोगशास्त्राचा अधिकारी कोण? : पदव्युत्तर प्रवेशाच्या अटींमागील इतिहास

आपल्याकडील शास्त्रग्रंथांच्या आरंभी विषय, प्रयोजन, संबंध आणि अधिकारी या चार गोष्टी सांगण्याची प्रथा होती. साथरोगशास्त्र व जागतिक आरोग्य या विषयांच्या पदव्युत्तर पदवीचा विचार करता विषय आणि प्रयोजन यांबाबत विद्वानांत फारसा मतभेद आढळत नाही. वाद आहे तो अधिकाऱ्याविषयी. वैद्यकाची पदवी नसलेल्याने या शास्त्राचा अभ्यास करावा काय, हा तो वाद होय.

आपल्या देशातील प्रचलित अटी या प्रश्नाला एकच उत्तर देत नाहीत. सामाजिक वैद्यकशास्त्रातील एम. डी. ही पदवी केवळ एम. बी. बी. एस. झालेल्यांसाठी आहे. चेन्नई येथील राष्ट्रीय साथरोगशास्त्र संस्थेने २००१ साली सुरू केलेला उपयोजित साथरोगशास्त्राचा अभ्यासक्रमही डॉक्टरांसाठीच योजिला गेला. उलटपक्षी मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने सामाजिक साथरोगशास्त्राच्या अभ्यासक्रमाचे द्वार सामाजिक शास्त्रांच्या पदवीधरांसही खुले ठेविले. ही भिन्नता केवळ नियमकर्त्यांच्या लहरीतून आलेली नाही. तिच्या मुळाशी शंभराहून अधिक वर्षांचा इतिहास आहे, आणि त्यातील महत्त्वाचा भाग महाराष्ट्रातच घडला आहे.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागातील रुग्ण पाहून डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी ग्रंथिक ज्वराचे, म्हणजे प्लेगचे, निदान केले. हे काम वैद्याचेच होते व ते वैद्यानेच केले. परंतु त्या रोगावरील लस ज्याने सिद्ध केली तो वाल्डेमार हाफकिन वैद्य नव्हता. ओडेसा येथे शिकलेला तो प्राणिशास्त्रज्ञ होता. १० जानेवारी १८९७ रोजी त्याने ती लस प्रथम स्वतःस टोचून घेतली. त्यानंतर भायखळ्याच्या तुरुंगात स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांना लस देऊन, ती न घेतलेल्यांशी त्याने तुलना केली. १८९८ साली बडोदे संस्थानातील उंढेरा गावी त्याने अधिक काटेकोर मार्ग अवलंबिला. तेथे एकाच कुटुंबातील काहींना लस देण्यात आली व काहींना नाही. घर तेच, अन्न तेच, उंदीरही तेच. भेद राहिला तो लसीपुरताच. साथरोगशास्त्राचे मर्म या तुलनेत आहे, आणि ती तुलना सुचण्यास वैद्यकाची पदवी आवश्यक ठरली नाही.

पदवी नसण्याचे मूल्य मात्र हाफकिनला द्यावे लागले. १९०२ साली पंजाबातील मुलकोवाल गावी एकाच बाटलीतील लस टोचलेली १९ माणसे धनुर्वाताने दगावली. चौकशीत दोष मुंबईच्या प्रयोगशाळेवर ठेवण्यात आला व हाफकिनला पदावरून दूर करण्यात आले. बाटली उघडताना तेथील साहाय्यकाच्या हातून जमिनीवर पडलेला चिमटा हे अपघाताचे संभाव्य कारण होते, ही गोष्ट पुढे पुढे आली. रोनाल्ड रॉस प्रभृतींनी १९०७ साली जाहीरपणे त्याची बाजू मांडल्यानंतर तो निर्दोष ठरला. १९२५ साली त्याच प्रयोगशाळेस त्याचे नाव देण्यात आले. त्याची योग्यता संस्थेने मान्य केली खरी, पण तोवर तो भारत सोडून गेला होता.

तथापि मोजणे आणि तुलना करणे एवढ्यानेच अधिकार पूर्ण होतो, असेही म्हणता येत नाही. १८९७ साली साथरोग कायदा संमत झाला आणि पुण्यात रँडच्या अधिकाराखाली सोल्जरांकरवी घरोघर झडत्या घेण्यात आल्या. परिणाम असा झाला की लोक रुग्ण लपवू लागले. आणि जेथे रुग्ण लपविला जातो तेथे मोजणीच खोटी पडते. याउलट त्याच वर्षी सावित्रीबाई फुले प्लेगच्या रुग्णांची शुश्रूषा करीत असता त्याच रोगाने १० मार्च रोजी निवर्तल्या. रुग्णाच्या घरात विश्वासाने प्रवेश मिळणे हाही या शास्त्राचा एक अधिकार आहे, आणि तो कोणत्याही परीक्षेने मिळत नाही.

पुढे १९१६ साली अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याची शाळा वैद्यकीय महाविद्यालयाहून स्वतंत्र अशी स्थापन झाली. हा विषय वैद्यकाची उपशाखा नव्हे, ही भूमिका तेथे संस्थारूपाने उभी राहिली. त्याच शाळेत महाराष्ट्रातील डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी १९८४ साली पदव्युत्तर पदवी घेतली व १९८६ पासून गडचिरोलीत कार्य आरंभिले. तेथे ३९ गावांत नवजात बालकांची घरच्या घरी काळजी घेण्याचा प्रयोग झाला व ४७ गावांशी त्याची तुलना करण्यात आली. १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधानुसार नवजात मृत्यूंचे प्रमाण ६२ टक्क्यांनी घटले. प्रयोगाची रचना पदवीधर डॉक्टरांची होती. पण बाळाचा श्वास मोजणाऱ्या, वजन घेणाऱ्या व नोंद ठेवणाऱ्या त्या गावातील अल्पशिक्षित स्त्रिया होत्या. उंढेऱ्याची तुलना आणि सावित्रीबाईंचा विश्वास, या दोहोंचा संगम येथे दिसतो.

या इतिहासावरून एक निष्कर्ष निघतो. निदान वैद्याकडेच राहावे; परंतु मोजणी, तुलना आणि लोकसंपर्क यांचा अधिकार प्रवेशाच्या वेळी दाखविलेल्या प्रमाणपत्रावरून ठरू नये. अट घालावयाची ती प्रवेशद्वाराशी सैल व निर्गमनद्वाराशी कडक असावी. स्वतः एखाद्या वस्तीत राहून, स्वतः मोजलेल्या माणसांवर आधारलेला प्रबंध सादर केल्यावाचून कोणासही ही पदवी मिळू नये, मग तो डॉक्टर असो वा नसो.

१९९८ साली महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ स्थापन झाले ते नाशिकलाच. सुरगाणा-पेठची आदिवासी गावे, मालेगावातील यंत्रमागांच्या दाट वस्त्या आणि दर बारा वर्षांनी गोदातीरी भरणारा सिंहस्थ, असे तीन भिन्न लोकसमुदाय एका जिल्ह्यात क्वचितच आढळतात. याच जिल्ह्यातील भगूर गावी १८९९ च्या प्लेगात सावरकरांचे वडील दामोदरपंत मृत्यू पावले. ते नाव इतिहासात राहिले; बाकीची असंख्य माणसे केवळ आकड्यांत राहिली, आणि कित्येक तर आकड्यांतही आली नाहीत. त्यांची गणना करण्यास जो शिकेल तोच या शास्त्राचा अधिकारी होय.