अभंग नक्की कोणाचा?

माझं आजोळ पिंपळगाव राजा, खामगाव तालुक्यातलं. एकादशीचं भजन तिथेच कानावर पडलेलं. परवा पुण्यात एका मित्राकडे ख्रिस्ती प्रार्थनासभेला गेलो आणि चाटच पडलो. पेटी, तबला, टाळ सगळं हजर, आणि चालही अभंगाचीच! फक्त विठ्ठलाच्या जागी येशू. पहिला विचार आमच्या धंद्यातला आला: यांनी सरळ फाइंड-रिप्लेस मारलंय की!

घरी येऊन वाचायला बसलो तेव्हा कळलं, प्रकरण इतकं सोपं नाही.

गोष्ट जुनी आहे. फादर स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने १६१६ साली गोव्यात राचोलला मराठी ओवीबद्ध ख्रिस्तपुराण छापलं. सुमारे अकरा हजार ओव्या! पण याच सासष्टीत १५६७ साली पोर्तुगीजांनी देवळं पाडली होती. जुनी पुराणं बंद झालेल्या नवख्रिस्ती लोकांना त्यांच्या जागी काहीतरी हवं होतं. म्हणजे ओवी तिथे आली ती आधी बरंच काही हिरावून घेतल्यावर. याला देवाणघेवाण म्हणायला जीभ रेटत नाही.

रेव्हरंड टिळकांचं मात्र वेगळं. नारायण वामन टिळक, जन्म १८६१, कोकणातले चित्पावन. १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला. तेव्हा मराठी चर्चमध्ये बरीचशी गाणी म्हणजे इंग्रजी गीतांची भाषांतरं, तीही विलायती चालींवर. नगरकडे कृष्णराव सांगळे ख्रिस्ती कीर्तनं करत होते, पण मराठी उपासनेला खरा सूर दिला तो टिळकांनी. अभंग त्यांना कोणाकडून उसना आणावा लागला नाही, तो त्यांचाच होता. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्तापर्यंत पोचलो, असं ते म्हणत. १९१७ साली मिशन सोडून त्यांनी 'देवाचा दरबार' काढला. त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही जागा होती.

याची किंमत कोणी मोजली? लक्ष्मीबाईंनी. नवरा धर्मांतर करून बसला आणि त्यांना कित्येक वर्षं त्याच्यापासून दूर काढावी लागली. 'स्मृतिचित्रे' वाचा, हसता हसता घशात आवंढा येतो. पुढे त्याही ख्रिस्ती झाल्या, आणि १९१९ साली टिळक गेल्यावर त्यांचं अपुरं राहिलेलं 'ख्रिस्तायन' त्यांनीच पूर्ण केलं.

गंमत म्हणजे टिळकांची 'केवढे हे क्रौर्य' शाळेत आम्ही सगळ्यांनी पाठ केली होती. नावाआधीचं 'रेव्ह.' म्हणजे काय, हे कधी कोणी विचारलं नाही. कविता आपली वाटली, बास.

तर फाइंड-रिप्लेस हे माझे शब्द मी मागे घेतो. चाल कोणाची यापेक्षा ती कशी आली, हिसकावलेल्या वस्तूची भरपाई म्हणून की घरातून निघताना बरोबर घेतलेली शिदोरी म्हणून, हे बघायला हवं.

पुढच्या वेळी मित्राकडे गेलो की टाळ मागून घेणार आहे. ठेका तर येतोच!