सिंहाचे दुसरे घर

कोलकात्याच्या भारतीय संग्रहालयाला इथले जुने लोक अजूनही ‘जादूघर’ म्हणतात. चंपारण्यातल्या रामपुरवा इथे सापडलेल्या अशोकस्तंभाचा सिंह तिथे आहे. हंसांच्या नक्षीपट्टीवर तो एकटाच बसलेला दिसतो. तो घडवला गेला त्या काळी खरा सिंह उत्तर हिंदुस्थानात सर्वदूर वावरत होता. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी तो पलामूच्या जंगलातही होता. ते शतक सरेपर्यंत बंदूक आणि नांगर यांनी त्याला मागे रेटत काठियावाडातल्या एका गीरच्या रानात कोंडले.

त्याच्या पुढच्या नशिबाचा एक धागा कलकत्त्याशी जोडलेला आहे. राजधानी तेव्हा इथेच होती. नोव्हेंबर १९०० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन काठियावाडच्या दौऱ्यावर निघाला. जुनागढच्या नवाबाने त्याच्यासाठी सिंहाच्या शिकारीचा बेत आखला होता. छप्पनियाच्या भीषण दुष्काळाने तो मुलूख होरपळलेला होता आणि सिंह मोजकेच उरल्याची हाकाटी होती. कर्झनने शिकार रद्द केली आणि उरलेले सिंह राखण्याचा सल्ला नवाबाला दिला. त्यावेळी सांगितले जाणारे डझनभराचे आकडे फार कमी असावेत, असे आजचे अभ्यासक मानतात. नकोशा पाहुण्यांना शिकारीपासून दूर ठेवायला असा आकडा सोयीचाच होता! एक मात्र खरे, की जुनागढच्या नवाबांनी सिंह राखला, आणि गीरमधल्या मालधारींनी गुरांचे नुकसान सोसून त्याचा शेजार निभावला.

सिंहाला दुसरे घर द्यावे, हा विचार मात्र एका मराठी संस्थानिकाने प्रत्यक्षात आणून पाहिला. ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांना आपल्या राज्यात सिंह हवे होते. ते आफ्रिकेतून आणावेत ही सूचना कर्झनचीच होती, असे सांगतात. समुद्रमार्गे सिंह आले, श्योपूरच्या बाजूला काही काळ आवारात ठेवले गेले आणि मग रानात सोडले गेले. ते गुरांवर आणि माणसांवर जाऊ लागले, आणि प्रयोग फसला. सिंह आणता येतो. पण त्याच्याबरोबर राहण्याची पिढ्यानपिढ्यांची सवय पिंजऱ्यातून आणता येत नाही.

स्वातंत्र्यानंतर १९५७ मध्ये गीरचा एक नर आणि दोन माद्या वाराणसीजवळच्या चंद्रप्रभा अभयारण्यात सोडल्या. १९६५ पर्यंत ते अकरा झाले आणि पुढे काही वर्षांत नाहीसे झाले. इकडे कलकत्त्याच्या अलिपूर प्राणिसंग्रहालयात वेगळेच कौतुक चालू होते. वाघ आणि सिंहीण यांच्या संकरातून जन्मलेली ‘रुद्राणी’ आणि आशियाई सिंह ‘देवव्रत’ यांना सात पिल्ले झाली. बघ्यांची गर्दी लोटली. पण त्या पिल्लांना कुठल्याच रानात जागा नव्हती. १९८५ मध्ये असे संकर थांबवले गेले. जात टिकवायची तर तिचे रान टिकवावे लागते, हे त्या गर्दीला कोण सांगणार?

नव्वदच्या दशकात शास्त्रज्ञ दुसऱ्या घराच्या शोधात निघाले आणि फिरून पोचले ते शिंद्यांच्याच जुन्या मुलखात, श्योपूरजवळच्या कुनोला. सिंहांसाठी तिथली चोवीस गावे उठवली गेली. सुमारे दीड हजार कुटुंबे, बहुतांश सहरिया आदिवासी, घरे सोडून बाहेर पडली. गुजरात सिंह द्यायला राजी नव्हता. १५ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सहा महिन्यांत स्थलांतर करण्याचा आदेश दिला. सहा महिने गेले, वर्षे गेली, सिंह काही आले नाहीत. १७ सप्टेंबर २०२२ ला कुनोत पिंजरे उघडले, ते नामिबियाच्या चित्त्यांसाठी.

हा हट्ट कशासाठी, असे कुणी विचारेल. १९६८ मध्ये १७७ असलेले सिंह २०२५ च्या गणनेत ८९१ भरले. हे यश खरेच मोठे आहे आणि त्याचे श्रेय गुजरातला द्यायलाच हवे. पण सगळी पुंजी एकाच गाठोड्यात आहे. २०१८ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गीरच्या दलखाणिया भागात काही आठवड्यांत तेवीस सिंह मेले. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेतल्या तपासणीत श्वानांच्या डिस्टेंपर रोगाचा विषाणू सापडला. याच रोगाने १९९४ मध्ये आफ्रिकेतल्या सेरेंगेटीतले सुमारे एक तृतीयांश सिंह नेले होते. आज गीरचे निम्म्याहून अधिक सिंह अभयारण्याबाहेर, शेतांत, विहिरींच्या आणि रस्त्यांच्या आसपास राहतात. बरड्याच्या डोंगरात त्यांचा नवा संसार मांडला जातो आहे, ही चांगलीच गोष्ट. पण बरडा गीरपासून फार दूर नाही, आणि साथीला तालुक्याची वेस कळत नाही.

कर्झनने एक शिकार सोडली, तेव्हा प्रश्न बंदुकीचा होता. आता कुणी बंदूक उचललेली नाही. प्रश्न आहे तो आपला सिंह दुसऱ्याच्या रानात पाहायची तयारी आहे का, हा. आणि ज्या सहरियांनी सिंहासाठी घर सोडले, त्यांना याचे उत्तर देणे आपल्याकडे अजून बाकी आहे.